माशीच्या कोषातून माशीऐवजी बारीक काळे किडे निघाले. हे काय आहे?

धारवेळ (प्रश्न)

नमस्कार. माझ्या गोठ्यात सहा गाई, दोन कालवडी आणि एक वासरू आहे. गेले दोन महिने चावऱ्या माश्यांनी जीव नकोसा केलाय. धारेला बसलं की गाय एका जागी ठरत नाही, सारखे पाय आपटते. शेपटीचा फटका थेट डोळ्यावर बसतो. दोन वेळा तर भरत आलेली बादली लवंडली. माशी दिसायला अगदी घरमाशीसारखी, पण तोंडापुढे सुईसारखी सोंड सरळ बाहेर आलेली दिसते. बसते ती पुढच्या पायांवर, गुडघ्याखाली. चापट मारली की हाताला रक्त लागतं.

मागच्या महिन्यात गव्हाणीमागचा कोपरा उपसला. सांडलेली वैरण, शेण आणि मूत मिळून तिथे वीतभर थर साचला होता. वरून कोरडा, आत ओला, आंबूस वासाचा. थराच्या कडेला, जिथे ओल संपून कोरडं सुरू होतं तिथे, तांबूस तपकिरी कोष सापडले. लांबीला पाच-सहा मिलिमीटर, दोन्ही टोकांना गोल. त्यातले ६४ कोष काचेच्या बरणीत घातले आणि तोंडाला सुती कापड बांधलं. पहिल्या आठवड्यात २७ माश्या निघाल्या. मग बरणी खिडकीत तशीच राहून गेली.

काल, म्हणजे साधारण साडेतीन आठवड्यांनी, बरणी फेकायला उचलली तर तळाशी काहीतरी वळवळताना दिसलं. मुंगीहूनही लहान, काळेभोर, चकचकीत किडे. पंख आहेत, पण उडण्यापेक्षा चालतातच जास्त. मोजले, १९ भरले. रिकामे कोष नीट पाहिले तर दोन प्रकार दिसले. काहींचं एक टोक डबीचं झाकण निघावं तसं निघालेलं. काही मात्र टोकाला शाबूत, पण बाजूला टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक. १८ कोष अजून बंदच आहेत.

हे किडे कोण? जनावरांना, वासराला, आम्हाला चावतील का? आज गोठाभर औषध फवारायचं ठरवलं होतं, पंपात पाणीही भरलं होतं. बरणी पाहिली आणि हात थांबला.

---

वासरूवाडा

ताई, फवारू नका! ते तुमच्या बाजूचे आहेत. माश्यांच्या कोषात वाढणाऱ्या बारीक गांधीलमाश्या. मला सविस्तर येत नाही, पण आम्ही एकदा शेणावर औषध मारलं होतं. चार दिवस माश्या गेल्या, आणि मग आधीपेक्षा दुप्पट आल्या. जाणकार सांगतीलच.

---

भिंगाखाली

तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. बरणी खिडकीत राहून गेली हे उत्तम झालं. बहुतेक लोक माश्या निघाल्या की बरणी धुऊन टाकतात, आणि खरी गोष्ट त्यानंतरच बाहेर पडते.

आधी माशीबद्दल. पुढे आलेली सोंड, पायांवर बसणं, आंबलेल्या वैरणीतली पैदास, यावरून ही तबेला माशी वाटते. शास्त्रीय नाव स्टोमॉक्सिस कॅल्सिट्रान्स. नर-मादी दोघंही रक्त पितात. अंड्यापासून माशी व्हायला उबेत साधारण तीन आठवडे लागतात. खात्री करायची असेल तर दहापट भिंगातून कोषाचं मागचं टोक पाहा. तिथे श्वासाची दोन काळी छिद्रं असतात. घरमाशीच्या कोषावर ती मोठी आणि एकमेकांना जवळजवळ चिकटलेली दिसतात. तबेला माशीची लहान असतात आणि त्यांच्यात बरंच अंतर असतं. एकदा नजर बसली की पाच सेकंदांत कळतं.

आता किडे. स्पॅलँजिया आणि मस्किडिफ्युरॅक्स या दोन प्रजाती अशा कोषांवर सगळ्यात जास्त सापडतात. डोकं लांबट, चपटं आणि मिशा अगदी तोंडाजवळून निघालेल्या असतील तर स्पॅलँजिया. डोकं गोल, मिशा चेहऱ्याच्या मध्यावरून असतील तर मस्किडिफ्युरॅक्स. दोन्हींची लांबी दोन-तीन मिलिमीटर. नाव गांधीलमाशी असलं तरी माणसाला किंवा जनावराला नांगी मारत नाहीत. मादीची सुई अंडं घालायला आहे, आणि तिला फक्त माशीचा कोष हवा असतो. मी कित्येकदा उघड्या तळहातावर चालू दिल्या आहेत.

ही मादी काम कशी करते ते एकदा डोळ्यांनी पाहाच. आपण ज्याला कोष म्हणतो ते कवच म्हणजे अळीची शेवटची कातडी. ती गळून पडत नाही, कडक होऊन पिंपासारखी होते. खरा मऊ, पांढरा जीव त्या पिंपाच्या आत असतो, आणि दोघांमध्ये किंचित पोकळी. मादी कोषावर चढते आणि मिशांनी टोकापासून टोकापर्यंत ठोकत जाते. मग वळून पोटाच्या टोकाने चाचपते, जागा ठरवते आणि सुई रोवते. हे बराच वेळ चालतं, ती जागची हलत नाही. त्या पोकळीत, मऊ जिवाच्या अंगावर, ती एक अंडं ठेवते. अळी निघते ती त्या जिवाला बाहेरून चिकटून त्याचा रस शोषत वाढते, तिथेच कोषात जाते आणि शेवटी कवच कुरतडून बाहेर पडते. तुमची गोल भोकं ती. झाकण निघालेले कोष माशीचे. माशी आपल्या कपाळातली एक पिशवी फुगवून टोपी ढकलते, आणि टोपी ठरलेल्या शिवणीवरच फाटते. म्हणजे रिकामा कोष हातात आला की आतून कोण गेलं ते सांगता येतं.

आणखी एक. सुई काढल्यावर मादी पुष्कळदा उलटी फिरते आणि त्या छिद्रातून झिरपलेला थेंब पिते. काही कोषांत अंडं न घालता नुसतं टोचून पिते. असा कोष मरतो, पण त्यातून ना माशी निघते ना गांधीलमाशी. तुमच्या बंद १८ पैकी काही असे असू शकतील. काही नुसते सुकून मेले असतील, काहींत उशिरा निघणाऱ्या गांधीलमाश्याही असतील. अजून दोन-तीन आठवडे ठेवा, मग सुईने उघडून पाहा.

वेळेचं गणित लक्षात ठेवा. २५-२७ अंशांना मस्किडिफ्युरॅक्सला अंड्यापासून बाहेर पडायला तीन आठवड्यांच्या आसपास लागतात, स्पॅलँजियाला आणखी आठवडाभर. नर एक-दोन दिवस आधी निघतात आणि माद्यांची वाट पाहत कोषांवरच घुटमळतात. म्हणून बरणी किमान सहा आठवडे हलवायची नाही.

पंपातलं पाणी झाडांना घाला. पायरेथ्रॉइड गटातलं औषध शेणावर किंवा वैरणीच्या थरावर मारलं तर या बारीक किड्यांचा आधी सफाया होतो. माशीच्या अळ्या थराच्या आत असतात, तिथे औषध पुरेसं पोचत नाही, आणि तिचा जन्मदर मोठा असल्यामुळे ती पुन्हा वर येते. वासरूवाडा यांनी पाहिलं ते हेच. अगदीच नाइलाज झाला तर भिंतीच्या ज्या पट्ट्यावर माश्या विसावतात तेवढ्याच पट्ट्यावर मारा, शेणावर कधीच नाही.

---

धारवेळ

खूप खूप आभार. कालच भिंग मागून आणलं. छिद्रं लहान आणि लांब लांब आहेत, म्हणजे तबेला माशीच. किड्यांत दोन्ही प्रकारची डोकी दिसतात असं वाटतंय, पण लांबट डोक्याचे जास्त.

दोन गोष्टी विचारते. एक, निघालेल्या ४६ मध्ये १९ गांधीलमाश्या, म्हणजे शंभरात एक्केचाळीस. मग इतक्या माश्या शिल्लक कशा? दोन, या गांधीलमाश्या विकत मिळतात असं ऐकलं. आणून सोडल्या तर?

---

ओलसुकी

दुसऱ्या प्रश्नावर मी बोलू शकतो, कारण माझे पैसे त्यात गेले आहेत.

पाकिटात आधीच अंडी घातलेले माशीचे कोष येतात. दोन-चार गांधीलमाश्या पाकिटात फिरताना दिसल्या की संध्याकाळच्या गारव्याला पैदाशीच्या जागांजवळ कोष पसरायचे. मी पसरले. सकाळी कोंबड्यांनी निम्मे टिपलेले आणि उरलेल्यांकडे मुंग्यांची रांग लागलेली. दुसऱ्या खेपेला छिद्रं पाडलेल्या डब्यांत घालून डबे टांगले. पण एका पाकिटातले कोष मी बरणीत ठेवून पाहिले, तर एकेका कोषातून वीस-वीस इवले किडे निघाले. नर पंख आखूड असलेले, उडता न येणारे. तेव्हा कळलं की ती नॅसोनिया होती. हिचा ओढा मुख्यतः मेलेल्या जनावरावरच्या निळ्या-हिरव्या माश्यांच्या कोषांकडे. शेणाच्या थरात पुरलेला कोष शोधायला ती कामाची नाही. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही. पण तेव्हापासून कोणीही विचारलं की एकच सांगतो, आलेल्या पाकिटातले तीस-चाळीस कोष बरणीत ठेवा आणि काय निघतं ते स्वतः बघा.

आणि मी सोडल्या त्या हंगाम भर जोरात असताना, सगळ्यात मोठी चूक तीच. माश्यांचा लोंढा आल्यावर मूठभर गांधीलमाश्यांनी काही होत नाही.

---

भिंगाखाली

ओलसुकी यांच्याशी सहमत. सोडायच्याच असतील तर हंगामाच्या तोंडाशी, माश्या वाढायच्या आधी, आणि दर आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा पुन्हा. कारण तीन आठवड्यांत माशीची नवी पिढी उभी राहते, स्पॅलँजियाला चार लागतात, शिवाय माशी अंडीही कितीतरी जास्त घालते. बंदिस्त गोठ्यात, वासरांच्या खोपीत, कोंबड्यांच्या शेडमध्ये फायदा दिसण्याची शक्यता जास्त. मोठ्या उघड्या आवारात सोडून केलेल्या प्रयोगांत कधी फरक दिसला, कधी काहीच दिसला नाही. बारीक जीव आहे, स्वतःहून फार लांब जात नाही.

आता एक्केचाळीस टक्क्यांचं. ताई, हा आकडा आहे त्यापेक्षा मोठा दिसतोय आणि त्यात तुमची काही चूक नाही. निरोगी कोष आठवड्याभरात फुटून रिकामा होतो. गांधीलमाशीचं अंडं असलेला कोष त्याच थरात तीन-चार आठवडे भरलेला पडून राहतो. म्हणजे कुठल्याही एका दिवशी फावडं मारलं की भरलेल्या कोषांत गांधीलमाशीवाले जास्त सापडणारच. माश्यावाले निघून गेलेले असतात. हाताने वेचलेल्या कोषांवर विसंबून मीही पहिली दोन वर्षं उगाच खूश होतो.

खरा अंदाज घ्यायला राखणीचे कोष ठेवतात. मोठ्या झालेल्या अळ्या बरणीत घेऊन तिथेच कोष होऊ द्यायचे, म्हणजे त्यांना आधी कोणी हात लावलेला नसतो. एक-दोन दिवसांचे ताजे हवेत. माशी जवळजवळ तयार झालेला कोष मादीच्या कामाचा नाही. खिडकीच्या जाळीच्या छोट्या पिशव्या शिवा. तिच्यातून गांधीलमाशी आत शिरते, कोष बाहेर पडत नाही. प्रत्येकीत वीस कोष मोजून घाला, थराच्या कडेला दोन-तीन सेंटिमीटर खाली पुरा, तीन दिवसांनी काढून बरणीत ठेवा. मग काय निघतं ते मोजा.

कडेलाच पुरायचं, कारण कोषात जायच्या आधी अळी ओल सोडून कोरड्याकडे सरकते. तुम्हाला कोष सापडले ते याच रेषेवर. गांधीलमाश्याही ही रेषा धरूनच शोध घेतात. मस्किडिफ्युरॅक्स वरवरचे कोष पाहते, स्पॅलँजिया चक्क आत शिरून खालचे गाठते. दोन्ही असणं म्हणून चांगलं.

पण पहिलं काम फावड्याचंच. सांडलेली वैरण, मूरघासाची गळती, पाण्याच्या टाकीखालचा चिखल-शेणाचा थर दर आठवड्याला हलला तर अळीला कोषापर्यंत पोचायलाच वेळ मिळत नाही. फक्त जुने, कोष भरलेले कोरडे कोपरे एकाच दिवशी सगळे उपसू नका. आज एक बाजू, दोन आठवड्यांनी दुसरी. तिथेच तुमच्या गांधीलमाश्या वाढताहेत, आणि माशीची अंडी खाणारे कोळीकिडेही.

थोडं विषयाबाहेरचं, पण मला राहवत नाही. आफ्रिकेत त्सेत्से माशीवरही हा उपाय करून पाहिला गेलाय. १९२० च्या दशकात न्यासालँडमध्ये, म्हणजे आजच्या मलावीत, डब्ल्यू. ए. लँबॉर्न यांनी त्सेत्सेच्या कोषावर वाढणारी गांधीलमाशी मोठ्या संख्येने वाढवून सोडली. टिकाऊ यश आलं नाही. त्सेत्से अंडी घालत नाही. एका वेळी एकच पूर्ण वाढलेली अळी जमिनीवर सोडते, आणि ती लगेच मातीत शिरून कोष होते. सावलीत इथे एक, तिथे एक. शेणाच्या कडेला जसे शंभर कोष एकत्र असतात तसं तिथे काहीच नाही. पुढे झांझिबारच्या उंगुजा बेटावरून १९९० च्या दशकात त्सेत्से गेली ती वंध्य नर सोडण्याच्या पद्धतीने. म्हणून कोणी 'चावऱ्या माश्यांवर गांधीलमाशी' असं सरसकट म्हणालं की आधी विचारावं, माशी कुठली आणि तिचा कोष कुठे पडतो? चरणाऱ्या जनावरांच्या पाठीवर बसणारी शिंगमाशी ताज्या, अखंड पोवट्यात वाढते, तिच्यापुढे आपल्या या गांधीलमाश्या बहुधा तोकड्या पडतात. मोठी गोमाशी चिखलात, पाणथळीत वाढते, तिच्यासाठी तर या मुळीच नाहीत. तुमची तबेला माशी मात्र यांच्या पल्ल्यातली आहे.

---

धारवेळ (सात आठवड्यांनंतर)

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं, पण आकडे हाती आल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

तीन पिशव्या शिवल्या, प्रत्येकीत २० कोष. पहिली गव्हाणीमागे पुरली. त्यातून ९ माश्या आणि ७ गांधीलमाश्या निघाल्या, ४ कोष बंद राहिले. दुसरी उकिरड्याच्या कडेला. तिथे १५ माश्या, २ गांधीलमाश्या, ३ बंद. तिसरी पाण्याच्या टाकीजवळ, ती मुंग्यांनी फोडली आणि कोष नेले. पाचच उरले होते, ते मोजणीत धरले नाहीत.

म्हणजे भिंगाखाली म्हणाले ते खरं. एकाच गोठ्यात दोन जागी एवढा फरक! उकिरड्यावर आम्ही मागच्या वर्षी दोनदा औषध मारलं होतं, गव्हाणीमागे कधीच नाही. कारण तेच की आणखी काही, एवढ्याशा मोजणीवरून ठरवत नाही. पण उकिरड्यावर आता फवारा पडणार नाही.

गव्हाणीची पुढची बाजू दर आठवड्याला उपसते, मागचा कोरडा कोपरा दोन भागांत आळीपाळीने. टाकीखालची गळती बंद केली. रोज दुपारी एकाच वेळी चार गाईंच्या पुढच्या दोन्ही पायांवरच्या माश्या मोजते. सुरुवातीला गाईमागे चौदा-पंधरा असायच्या, या आठवड्यात पाच-सहा आहेत. हा फरक बराचसा फावड्याचा असणार, एवढं मलाही कळतं. बादली मात्र महिन्याभरात लवंडलेली नाही.

ते पहिले १८ बंद कोष सुईने उघडले. ११ मध्ये नुसता सुकलेला काळपट गोळा. तीनमध्ये पूर्ण तयार माशी, पंख चुरगळलेले, बाहेर पडता न आलेली. दोन रिकामेच वाटले. आणि दोनमध्ये गांधीलमाशी, पाय पोटाशी घेतलेली. एक मेलेली होती. दुसरीने मी टोपी काढताच मिशा हलवल्या. तिला तसंच कागदावर घेऊन गव्हाणीमागे गेले आणि कागद कडेला तिरका धरला. थोडा वेळ मिशा पुसत बसली, मग शेणाच्या भेगेत शिरली. मी बराच वेळ थांबले, पण ती काही परत वर आली नाही.

अजून एक विचारायचं राहिलं. उकिरड्याच्या कडेला गांधीलमाश्या वाढाव्यात म्हणून गव्हाणीमागचे भोक न पडलेले कोष उचलून तिकडे नेऊन ठेवले तर चालेल का? त्यातून माश्याही निघतील ही भीती आहे. की आधी बरणीत ठेवून माश्या निघून गेल्यावर उरलेले न्यावेत?

---

भिंगाखाली

दुसरं करा. बरणीत दहा-बारा दिवस, कापड बांधूनच. तेवढ्यात माश्या निघतील आणि बरणीतच मरतील. मग उरलेले भरलेले कोष मुंग्या पोचणार नाहीत अशा छिद्रांच्या डब्यात घालून उकिरड्याच्या कडेला टांगा, सावलीत. आणि तिथली राखणीची पिशवी दोन महिन्यांनी पुन्हा पुरा. आकडा इथे नक्की लिहा, मी वाट पाहतो.